दूध उतू जातंय

सुनंदा गेली तेव्हा मी बेळ्ळंदूरला एका सोसायटीच्या तळघरात होतो. वॉचमन बायकांना छातीवर लावायचे कॅमेरे कसे वापरायचे ते शिकवत होतो. तिथे फोनला रेंज नसते. कॅमेऱ्याची क्लिप खिशाच्या काठाला कशी अडकवायची, भिंग थोडं वर का धरायचं, बटण किती वेळ दाबून ठेवायचं, हे मी एकेकीकडून करून घेत होतो. बटण दाबलं की कॅमेरा थरथरतो आणि बोलतो, "रेकॉर्डिंग शुरुवायितु." म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झालं. तो आवाज सुनंदाचा होता. दुपारभर प्रत्येकीच्या छातीवरून तोच आवाज येत होता.

वर आलो तर शेजारच्या गिरीधरचे फोनवर फोन येऊन गेले होते. मी लावला तर तो नुसतं म्हणाला, "शामण्णा, घरी या." मी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "रिक्षा करून या. गाडी चालवू नका." तेव्हा मला कळलं.

ती स्वयंपाकघरात पडली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तिला काही कळलंसुद्धा नसेल. ते खरं असेल तर बरं.

तो आवाज कॅमेऱ्यात कसा आला ते सांगतो. मी आणि वेणुगोपाल मिळून हे कॅमेरे पुरवतो, चालू करून देतो, बिघडले तर बघतो. आमचं ऑफिस चिकपेटेत, एका साडीच्या दुकानाच्या माडीवर आहे. कॅमेऱ्यात सिमकार्ड असतं. वॉचमनसमोर जे घडतं ते कंट्रोल रूममध्ये त्याच वेळी दिसतं. लाल बटण दाबलं तर तिथे घंटा वाजते आणि माणूस धावून येतो. पण कारखान्यातून येतात तेव्हा हे कॅमेरे इंग्रजीत बोलतात. सोसायटीतल्या बायकांना ते समजत नव्हतं. एकीने कॅमेरा बंद पडलाय हे न कळल्यामुळे सगळा दिवस तो तसाच मिरवला होता. म्हणून मी सुनंदाला म्हटलं, तू कन्नडमध्ये वाच, मी ते आत भरतो. तिचं शिक्षण इथल्या कन्नड शाळेत झालेलं. घरी आम्ही मराठी बोलतो, पण आमच्या मराठीत निम्मं कन्नडच आहे.

स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा बंद करून तिने एकेक वाक्य वाचलं. बॅटरी कमी आहे. नेटवर्क नाही. मदत मागवली आहे. मी फोन धरून बसलो होतो आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला लावत होतो. शेवटी ती वैतागली.

पुढे दोन महिन्यांनी बेळ्ळंदूरहून शिल्पाश्रीचा फोन आला. ती तिथल्या मुख्य गेटवर असते. म्हणाली, "अण्णा, कॅमेरा तुमच्या भाषेत ओरडतोय. शिव्या देतोय का?"

मी जाऊन ऐकलं. मेमरी भरली की जी सूचना यायला हवी, तिथे मी चुकून दुसराच तुकडा भरला होता. कॅमेऱ्यातून सुनंदा म्हणत होती, "अहो, झालं की नाही? दूध उतू जातंय!"

घरी येऊन तिला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. "सगळ्या बेंगळुरात माझं दूध उतू घालवलंत," म्हणाली. मी दुरुस्त करणार होतो. पण बायका म्हणाल्या, राहू दे अण्णा, आम्हाला कळतं. तेव्हापासून मेमरी भरली की त्या म्हणायच्या, दूध आलं. आणि शिफ्टच्या सुरुवातीला कॅमेरा बोलला की त्याला उत्तर द्यायच्या, "सरी, अक्का." म्हणजे बरं, ताई. सुनंदा एकदा माझ्याबरोबर तिथे आली होती. तिने ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली.

सुनंदाचं दिवसकार्य उरकून मी ऑफिसला गेलो तेव्हा वेणुगोपालने मला चहा दिला आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही काही बघू नका. कंपनीने सगळ्या कॅमेऱ्यांची सिस्टिम बदलली, ती मी इथूनच सगळ्यांत चढवली. तुमच्या डोक्याला ताप नको म्हटलं."

मी विचारलं, "आवाज?"

त्याला आधी समजलंच नाही. मग तो कप हातात धरून उभाच राहिला. नवी सिस्टिम चढली की आधीचे भरलेले आवाज पुसले जातात. सगळे कॅमेरे पुन्हा इंग्रजीत बोलू लागले होते.

"मूळ रेकॉर्डिंग असेल ना, अण्णा? तुमच्या फोनमध्ये?"

तो फोन मी नवा घेताना बदल्यात देऊन टाकला होता. वेणुगोपालला दोष कसा देणार? त्याने चांगल्या मनानेच केलं होतं. तिचा आवाज दुसरीकडे नाही असं नाही. पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत ती बोलते, पण ते पाहुण्यांशी बोलणं. मला घरात हाक मारते तशी ती कुठेच नाही. ती फक्त त्या दुधाच्या वाक्यात होती.

मग वेणुगोपालने संगणकावर बघितलं आणि म्हणाला, "एक राहिलाय. शिल्पाश्रीचा. त्याचं सिम चालत नाही, महिनाभर नेटवर्कवर आलेला नाही. म्हणून नवी सिस्टिम त्यात गेलेली नाही. ज्या क्षणी नेटवर्क मिळेल त्या क्षणी ती आपोआप जाईल. ते आपल्या हातात नाही, अण्णा."

मी दुसऱ्या दिवशी बेळ्ळंदूरला गेलो. शिल्पाश्री मला बघून आधी उठून उभी राहिली. अक्काबद्दल दोन शब्द बोलली. मग म्हणाली, "अण्णा, बरं झालं आलात. हा कॅमेरा मला फसवतोय."

आदल्या संध्याकाळी सी ब्लॉकमधल्या एकाने गाडी आडवी लावली होती. तिने काढायला सांगितली तर तो उतरून तिच्या अंगावर आला, तिचा हात पिरगळला आणि म्हणाला, उद्या बाहेर जातोय, परवा संध्याकाळी आलो की तुला दाखवतो. तिने लाल बटण दाबलं. कॅमेरा अक्काच्या आवाजात म्हणाला, मदत मागवली आहे. पण सिमच चालत नव्हतं, आणि तसं असलं की कॅमेरा नेटवर्क नाही असंसुद्धा सांगत नाही; कंट्रोल रूममध्ये घंटा वाजलीच नाही. एक झाडूवाली ओरडली म्हणून तो गेला. शिल्पाश्रीचं मनगट सुजलं होतं.

"तो उद्या संध्याकाळी येणार," ती म्हणाली. "तोवर नीट होईल ना?"

मी म्हटलं, "होईल. घेऊन जातो."

घरी बसवनगुडीला आल्यावर मी तो उघडला. सिमच्या खाचेतली एक पट्टी वाकली होती. चिमट्याने सरळ केली. काम झालं. पण मी सिम आत घातलं नाही. ते डबीत ठेवलं.

आत भरलेला आवाज कॅमेऱ्यातून परत काढून घेता येत नाही, आणि कॅमेरा बोलताना स्वतःचा आवाज टिपत नाही. ते वाक्य ऐकायचं तर मेमरी भरायला हवी. ती कॅमेऱ्याच्या आतच बसवलेली असते, काढून दुसरी छोटी घालता येत नाही. आणि भरली की कॅमेरा एकदाच सांगतो. त्यानंतर जुनं पुसून त्यावर नवं भरायला लागतो, मेमरी रिकामी केल्याशिवाय पुन्हा बोलत नाही. मी चित्र सगळ्यात मोठं ठेवलं, म्हणजे लवकर भरेल. तरी जवळजवळ दिवस लागणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून सदऱ्याच्या खिशाला कॅमेरा अडकवला, खिशात पॉवर बँक ठेवली आणि बटण दाबलं. "रेकॉर्डिंग शुरुवायितु," सुनंदा म्हणाली. माझ्या तोंडून "सरी" निघालं.

दिवसभर तो मी घालून होतो. भांडी घासली. कपडे वाळत घातले. तिच्या साड्यांचं कपाट उघडलं, बंद केलं. कॅमेऱ्याने ते सगळं टिपलं, पण मला त्यातलं काही नको होतं. मला तो फक्त भरायचा होता. गिरीधर दारात आला आणि लाल दिवा बघून मागे सरकला.

"काय हो शामण्णा, पोलिसात लागलात?"

"कामाचं आहे."

"मी बनियनवर आहे, जरा तिकडे फिरवा ते. आणि जेवलात का?"

"जेवलो."

"खोटं बोलताय. कॅमेऱ्यात आलंय आता," तो म्हणाला आणि घरातून बिसीबेळे भात आणून दिला. मी थोडा खाल्ला.

दुपार कलताना शिल्पाश्रीचा फोन आला. "अण्णा, तो आलाय. दुपारीच आला. आत जाताना माझ्याकडे बघून हसला. कॅमेरा आणताय ना? माझी शिफ्ट रात्रीपर्यंत आहे."

मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. मेमरी थोडीच राहिली होती. तास दीड तास घरात शांत बसलो असतो तर भरली असती. मी फोन जवळ धरून ते वाक्य उतरवून घेतलं असतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उभाही राहिलो. समोर शेगडी होती. मग शिल्पाश्रीचं सुजलेलं मनगट आठवलं. कॅमेरा तसाच चालू ठेवून मी डबी घेतली आणि निघालो. वाटेत भरेल, बसमध्ये फोन धरून ठेवीन, असं ठरवलं.

सिल्क बोर्डपर्यंत मेट्रोने गेलो. तिथून रिंग रोडची बस धरली. गाड्या जागच्या हलत नव्हत्या. मला खिडकीची जागा मिळाली. शेजारी पाठीवर लॅपटॉपची पिशवी असलेली एक मुलगी बसली. मी फोनवर आवाज टिपायचं चालू करून तो छातीशी धरला. तिने एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. पडद्यावरचा आकडा शेवटाला आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. टिपणं थांबलं. शिल्पाश्री होती. मी तिचा फोन कापू शकलो नाही.

"अण्णा, कुठे आहात? तो खाली पार्किंगमध्ये उभा आहे."

"बसमध्ये आहे. जवळ आलोय. तू आत केबिनमध्ये बस, दार लाव."

"दाराला कडी नाही, अण्णा."

आणि माझ्या छातीवरून सुनंदा मोठ्याने म्हणाली, "अहो, झालं की नाही? दूध उतू जातंय!"

पुढच्या बाकावरचे दोघे वळले. फोनमधून शिल्पाश्री म्हणाली, "अण्णा, दूध आलं." 

शेजारची मुलगी हसत माझ्याकडे वळली. "अय्या, तुम्ही मराठी! काका, काकू बोलवतायत. आधी गॅस बंद करायला सांगा त्यांना."

मी म्हटलं, "हो."

"माझी आई पण सेम. बाबा पेपर घेऊन बसले की अशीच ओरडते." मग तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "सॉरी हं काका. मी उगाच बोलले."

"नाही, बरं केलंस," मी म्हटलं. "बरोबर ऐकलंस तू."

कॅमेरा जुनं पुसून नवं भरू लागला होता. सकाळची भांडी घासलेली आधी गेली असणार.

मेमरी रिकामी करून कॅमेरा पुन्हा एक दिवस घरी नेला असता तर ते वाक्य परत मिळालं असतं. गेटपाशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं. शिल्पाश्री केबिनच्या दाराला आतून खुर्ची लावून बसली होती. मला बघून तिने खुर्ची सरकवली. कॅमेरा दुरुस्त झाला नाही असं मी म्हटलं असतं तर तिने मानलं असतं. कॅमेऱ्याचं मी सांगेन ते ती मानते.

मी डबीतून सिम काढलं आणि खाचेत बसवलं. दिवा लाल होता तो थोड्या वेळाने हिरवा झाला. पडद्यावर नव्या सिस्टिमची रेघ पुढे सरकायला लागली. मी कंट्रोल रूममध्ये बसलेल्या वेणुगोपालला फोन लावून सांगितलं, "शिल्पाश्रीचा नेटवर्कवर आला."

तो म्हणाला, "अण्णा, ऐकलंत का तुम्ही?"

"ऐकलं."

"टिपलंत?"

"नाही."

 तो म्हणाला, "लाल बटण दाबून बघा."

कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू झाला. मी तो शिल्पाश्रीच्या खिशाला अडकवला, भिंग वर केलं. तिने बटण दाबलं. एक परकी बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. "सरी, अ..." शिल्पाश्री म्हणाली आणि थांबली. मग तिने लाल बटण दाबलं, आणि फोनवर मला मागे घंटा वाजलेली ऐकू आली.

"दिसतंय, अण्णा," वेणुगोपाल म्हणाला. "तुम्ही दोघंही दिसताय."

मी अंधार पडेपर्यंत गेटवर बसलो. सी ब्लॉकमधला तो माणूस गाडी घेऊन आमच्या समोरून गेला. त्याने काच खाली केली, हिरवा दिवा बघितला आणि काच वर केली. मी निघताना शिल्पाश्री म्हणाली, "अण्णा, ही बाई काय म्हणते ते मला स्वल्पसुद्धा कळत नाही. बॅटरी संपली की नेटवर्क गेलं, कसं ओळखायचं?"

मी तिला म्हटलं, करून देतो.

कन्नड सूचना पुन्हा भरायच्या आहेत. वेणुगोपालची बायको वाचायला तयार आहे, शिल्पाश्रीसुद्धा म्हणाली मी वाचते. मी अजून कुणाला बोलावलेलं नाही.