मिनिटाला चौदा श्वास

मित्रांनो, मी एक जुने श्वसनयंत्र आहे. वाळवंटाकाठच्या मआन शहरातल्या एका दवाखान्यात, शेवटच्या खाटेशेजारी माझी जागा. ज्यांची छाती स्वतःहून हलत नाही, त्यांना मी मिनिटाला चौदा श्वास मोजून देते. नवे असताना माझे फार कौतुक होई. आता चाके गंजली आहेत, नळीला चिकटपट्टी आहे. श्वास मात्र कधी चुकला नाही.

मला एकच भीती वाटते: माझ्या बटणाकडे येणाऱ्या हाताची.

त्या सकाळी खाटेवर बेदुईन मेंढपाळ मुनाविर यांची बायको फिद्दा होती. मेंदूत रक्तस्राव होऊन सहा दिवस झाले होते. परदेशातून नुकत्याच आलेल्या डॉक्टर आंद्रेईंनी सगळ्या तपासण्या दोनदा केल्या. मग मुनाविरना खाटेजवळ बसवून कॉफी दिली.

"त्या आता परत येणार नाहीत. यंत्र बंद करावं म्हणतो. तुमची हरकत?"

मुनाविरनी भरलेला कप तसाच टेबलावर ठेवला. 

डॉक्टरांनी जरा वाट पाहिली, नकार आला नाही म्हणून कागदावर 'हरकत नाही' असे लिहिले आणि ते उठले. हात माझ्याकडे येऊ लागला. मला ओरडता येत नाही. माझी शिट्टी हवा अडली तरच वाजते. अकरावा श्वास. बारावा.

"थांबा!" परिचारिका सब्हा दारातूनच ओरडली. "कप भरलेला आहे!"

"गार झाली असेल. दुसरी मागव."

"अहो, साखरेवरून रुसलेत का ते? मागणं घेऊन बसलेला माणूस ते मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावत नाही. काय हवंय ते आपण विचारायचं असतं. इथं शेंबड्या पोरालाही कळतं!"

डॉक्टरांनी हात मागे घेतला. ते पुन्हा खाली बसले.

"प्या, मुनाविर काका. काय हवंय?"

"आमची नशमिया अकबाहून निघालीय. आईचा हात उबदार असताना लेकीनं धरावा. मग अल्लाची मर्जी."

"थांबतो. शब्द देतो."

मुनाविरनी गार कॉफी एका घोटात संपवली. "हिला कॉफी म्हणता? आमच्या मेंढ्यासुद्धा पिणार नाहीत," म्हणाले आणि त्यांना रडू फुटले.

नशमिया तीन वाजता आली. तासभर आईचा हात धरून बसली. मग मुनाविरनीच मान हलवली. मी शेवटचा श्वास दिला आणि थांबले.

मित्रांनो, ती भीती अजून गेलेली नाही. माझी धूळ पुसा, नळी बदला. पण बटण दाबण्याआधी टेबलाकडे एकदा बघा. कुणाचा कप भरलेला तर नाही ना?