पन्नीसकट पुरलेली बारा झाडं

टण्ण!

दुपारच्या सामसुमीत, उन्हानं तापून माझ्या पोटातला पोचा आपोआप बाहेर आला. छत्रीबागेतल्या खोलीत निजलेली बेबी दचकली. तिची आई, प्रभावती, तिला थोपटत म्हणाली, "नीज गं. डबा आहे तो. म्हातारा झाला, कुरकुरतो."

मित्रांनो, मी एक जुना शेवेचा डबा आहे. म्हातारा झालो हे खरं, पण कुरकुरत मात्र नाही. आता मला फारसं काही वाटतच नाही.

मध्यप्रदेश नवा नवा होता, तेव्हा पोलोग्राउंड भागातल्या एका शेवेच्या कारखान्यात पत्रा कापून मला घडवलं. अंगावर पिवळा रंग, त्यावर एक हिरवं झाड. शेव भरून मी बेटमा गावच्या दुकानात जायचो. दुकानदार रिकामा डबा परत करायचा, तेव्हाच त्याला भरलेला मिळायचा. रीतच होती तशी.

परत आलो की कारखान्यात डबे धुणारी प्रभावती मला सोड्याच्या गरम पाण्यानं धुवायची. मग आत नाक खुपसून वास घ्यायची. जुन्या तेलाचा वास आला की पुन्हा धुवायची.

"अगं, डब्याला काय वरातीत न्यायचंय?" जोडीची जनाबाई चिडवायची.

"लेकरं खातात त्यातलं," प्रभावती म्हणायची, आणि अंगणात मला उन्हाला ठेवायची.

मग पन्नी आली, प्लास्टिकची पातळ पिशवी. शेव खाल्ली की पन्नी फेकली, परत करायची झंझटच नाही. थोड्याच दिवसांत खान नदीच्या काठावर पन्न्यांवर छापलेलं आमच्या कारखान्याचं हिरवं झाड जागोजाग लोळू लागलं. डबे भंगारात निघाले. जनाबाई घरी बसली. मी तेवढा नळाखाली राहून गेलो.

त्याच पावसाळ्यात कारखान्यानं वनमहोत्सव करायचं ठरवलं. "अपना कारखाना एकदम हराभरा पाहिजे, भिया!" मॅनेजर अप्पासाहेब सगळ्यांना सांगत सुटले. रोपांना पिशव्या हव्या होत्या, म्हणून छपाई बिघडलेल्या शेवेच्या पन्न्याच माती भरून वापरल्या. शेव सादळू नये म्हणून केलेल्या त्या पन्न्या. त्यांना एकही भोक नव्हतं.

आम्ही वाळायचो त्याच अंगणात बारा खड्डे झाले.

"पन्नी काढायची ना, साहेब?" प्रभावतीनं विचारलं.

"माती सांडते, बाई. फोटोवाला खोळंबलाय. मुळं काय, फोडतील तिला!"

फोटो निघाला. मग अप्पासाहेब प्रभावतीला म्हणाले, "डबे संपले, तुझं काम संपलं. पण ही झाडं जगवलीस तर नोकरी पक्की. उकरू मात्र नकोस, सेठजी केव्हाही बघायला येतील."

प्रभावती माझ्यात पाणी भरून रोज प्रत्येक झाडाला घालू लागली. पानं पिवळी पडली. तिला वाटलं, पाणी कमी पडतंय. ती दोन वेळा घालू लागली. मी ओतत राहिलो. पानं गळाली.

शेवटी न राहवून तिनं एक झाड उपटलं. पन्नी पाण्यानं टम्म भरली होती. मुळं काळी पडून कुजली होती.

तिनं ते तसंच अप्पासाहेबांना नेऊन दाखवलं. ते म्हणाले, "पाणी कोण घालत होतं? तूच ना?"

बाकी अकराही मेली. प्रभावतीला कामावरून काढलं. निघताना तिनं मला काखेत घेतलं. कुणी अडवलं नाही. भंगारच होतो मी.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असा माझा हट्ट नाही. धड डबा असेल तर तो परत परत भरा. आणि झाड लावाल तेव्हा आधी त्याची पन्नी काढा, मग हवे तेवढे फोटो काढा. एवढंच सांगायचं होतं.

काम गेलं त्या संध्याकाळी घरी आल्यावर प्रभावतीनं बेबीला सगळं सांगितलं. अगदी सरळ, जसं घडलं तसं. बेबीनं नीट ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "आई, पन्नी तर साहेबांनी ठेवायला लावली ना? मग घरी तुला का पाठवलं?"