करवत्याचा जोडीदार

त्या शनिवारी काकूंच्या पदरात काय पडण्यासारखं होतं, ते आधी मांडून घेऊ. हातभर उंचीचा एक लाकडी माणूस, कित्येक वर्षं वाट बघण्याला एकदाचा पूर्णविराम, आणि एका बाईचं तोंड कायमचं बंद. या तिन्हींत वजनदार बाब तिसरी, हे काकू मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने आपणच करू.

काकूंच्या घरात पाय ठेवला की आधी वस्तू भेटतात, मग माणसं. शिवणवर्ग चालवून हाती जे उरलं, ते या बाईने लोकांनी टाकून दिलेल्या जुन्या हातकामात घातलं. फुलं रंगवलेली धान्याची पेटी, कुणा चांभाराच्या दुकानावरचा मांजर झोपेल एवढा लाकडी जोडा, ठिगळाठिगळाची गोधडी. पण दिवाणखान्यातल्या मधल्या भिंतीवर मान एकालाच, करवत्याला. कुणा सुताराने आपल्या दुकानाबाहेर लावायला तो कोरला असावा. हिरवा अंगरखा, पिवळी बटणं, पुढे झुकलेलं अंग, आणि दोन्ही टोकांना मूठ असलेली लांब करवत. फळीखालचा दांडा फिरवला की तो मागेपुढे डुलायचा. अशी करवत ओढायला माणसं दोन लागतात. इथे दुसरा नव्हताच. पलीकडची मूठ काकूंनी दोऱ्याने खिळ्याला टांगून ठेवली होती.

येणारा जाणारा विचारायचा, "दुसरा कुठाय?"

"जेवायला गेलाय. येईल," काकू म्हणायच्या.

दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र विचारत नसत, सुनावत. संग्रह त्यांचाही होता, काकूंच्या दुप्पट, आणि सगळा पॉलिश मारलेला. काकूंच्याच घरात, काकूंचाच चहा पिताना, चार पाहुण्यांदेखत त्या म्हणाल्या होत्या, "अपुरी वस्तू म्हणजे अडगळच हो. मला देऊन टाका. दुसरा मी नवा कोरून घेईन."

नवा! काकूंनी त्या दिवशी कुणालाच दुसरा कप विचारला नाही.

आणि परवाच शेठच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, दाराजवळच्या फळीवर, काकूंना तो दिसला. तोच हिरवा अंगरखा, तीच पिवळी बटणं, फक्त अंग मागे रेललेलं. शेठने बिचाऱ्याच्या मुठीत वल्हं ठोकून त्याला नावाडी केलं होतं. काकूंनी नजर शेजारच्या बरण्यांवर नेली. त्या म्हणाल्या, "बरण्या जरा महागच लावल्यात, नाही?" आणि बाहेर पडल्या.

सरळ किंमत विचारायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण काकूंची नजर अख्ख्या बाजाराला ठाऊक. त्यांनी हात लावला की कालची वस्तू शंभर वर्षांची होते. शेठ तर त्या कुठे बघतात यावर किमतीच्या चिठ्ठ्या बदलायचा. आणि दम धरायलाही सवड नव्हती, कारण दर शनिवारी दुपारी डॉक्टरीणबाई त्याच दुकानात फेरी मारत. नावाड्याचा अंगरखा त्यांनी एका नजरेत ओळखला असता. मग दुसरा माणूस त्यांच्याकडे आणि करवत काकूंकडे, उरलेलं आयुष्य त्यांनी गोड हसत विचारलं असतं, "मग कधी देताय?"

काकूंना एकच वाट दिसत होती. शेठ भावात छदाम सोडत नसे, पण मोठी वस्तू पूर्ण भावात घेतली की दाराजवळच्या फळीवरचं एखादं न खपणारं सामान वर फुकट द्यायचा. तेव्हा कुणीतरी मोठं काहीतरी घ्यायला हवं, तेही मनापासून. आणि काकूंच्या ओळखीत असं मनापासूनचं गिऱ्हाईक एकच होतं. त्यांचा नवरा.

काकांनी नोकरीभर घरोघरचे विजेचे मीटर वाचले. माणूस सोन्यासारखा, पण पोटात काही राहत नाही. काकूंच्या भावांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. एकदा भर दुकानात काकांनी आनंदाने वाजवलं होतं, "अगं, हीच ना ती पेटी, जिच्यासाठी तुला झोप येत नव्हती?" पेटी तिथल्या तिथे तिप्पट झाली. तेव्हापासून काकू त्यांना बाजारात नेतच नसत.

आज नेलं. कशासाठी, ते मात्र सांगितलं नाही. नवरा कशाला तरी भुलेल, याची त्यांना खात्री होती. नावाड्याला ओळखणार नाही, याची मात्र नव्हती.

"या या, आज जोडीने?" शेठ उठून उभा राहिला. "काका, तुम्ही तर आम्हाला विसरलात."

"मी कसला विसरतोय? ही आणतच नाही."

काका दारातच थबकले. फळीकडे बघितलं. नावाड्याकडे बघितलं. तोंड उघडलं. काकूंनी पदराचं टोक असं आवळलं की काठ चुरगळला. पण काकांनी नुसती जांभई दिली आणि पुढे गेले. काकूंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच थोडा रागही आला. दर आठवड्याला पुसायला देते, तरी ओळख नाही!

मग आतून आरोळी आली. "अगं, हा बघ! अगं, फिरतो हा!"

दुकानाच्या मागच्या भिंतीशी पत्र्याचा कोंबडा उभा होता. कुणा लोहाराने हाताने कापून कुणाच्यातरी छपरावर वारा दाखवायला बसवलेला, लाल तुऱ्याचा, पाच वर्षांच्या पोराएवढा. काका त्याला टिचकी मारत होते आणि तो कुरकुरत फिरत होता.

"घरात कुठे ठेवायचं हे धूड?" काकू म्हणाल्या. यात नाटक काहीच नव्हतं.

"असू दे गं. वाऱ्याचा मीटरच आहे हा! बोला शेठ, काय द्यायचं?"

शेठने आकडा सांगितला. काकूंना ठसका लागला. काकांनी पाकीट काढलं.

"अहो, पूर्ण भाव देताय? मग वर काहीतरी घ्या," काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "घ्या तिथलं काहीतरी. तो नावाडी नाहीतर काय ते."

शेठचा हात पाकिटाकडे जाता जाता थांबला. काकूंनी मागितलं म्हणजे पाणी मुरतंय. त्याने फळीकडे बघितलं, मग काकूंकडे. काकू खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

आणि नेमका त्याच क्षणी भोंगा वाजला.

"छे! नावाडी कशाला? धूळ खात पडलाय नुसता. शेठ, ती पितळी कळशी द्या."

काकूंना वाटलं, इथेच खाली बसावं. आयुष्यात एकदा गप्प बसायचं होतं या माणसाने, एकदाच!

"कळशी नाही परवडत, काका."

"मग सौदा राहू दे. कोंबडाही राहू दे." काकांनी पाकीट परत खिशात घातलं.

"काका, रागावता काय! पितळ आहे ते, त्याला आज ना उद्या गिऱ्हाईक येईल. वहिनी म्हणतात तर नावाडीच न्या."

"हिला काय, हिला काहीही चालतं. लाकडाला वाळवी असते. घरभर पसरली म्हणजे?"

"वाळवी? माझ्या दुकानात?" शेठने नावाड्याला फळीवरून खेचला, उलटा केला, आपटून दाखवला. "सागासारखं घट्ट आहे. बघा! पडली एक तरी भुकटी? घ्या, आणि वर ही बरणीही घ्या. पण असलं परत बोलू नका."

"बघ बाई, तूच ठरव," काका कुरकुरले.

"आता देतोय एवढं प्रेमाने तर घ्या ना," काकू म्हणाल्या. शेठ पैसे मोजेपर्यंत त्यांनी नावाडी कुशीत घेतलाही.

दोघं रस्त्याला लागले. काकांच्या खांद्यावर कोंबडा, काकूंच्या कुशीत नावाडी. कोपरा वळल्यावर काका म्हणाले, "घरी पकड आहे ना? ते वल्हं उपटावं लागेल."

काकू जागीच उभ्या राहिल्या. "तुम्ही ओळखलंत?"

"दर आठवड्याला त्याच्या भावाची धूळ मी पुसतो. ओळखणार नाही?"

"मग कळशी काय, वाळवी काय!"

"मीटर वाचायला जायचो तेव्हा 'वायर दाखवा' म्हटलं की लोक दार लावून घ्यायचे. 'मला काय करायचीय तुमची वायर' म्हटलं की स्वतः हाताला धरून आत न्यायचे."

"आणि हे येतं, तर त्या पेटीच्या वेळी भर दुकानात बोंबललात का?"

"गप्प बसा असं कधी सांगितलंस? घरीच तर ठेवून जायचीस."

काकूंनी नावाडी एका कुशीतून दुसऱ्या कुशीत घेतला. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे कोंबडाही सोंगच ना?"

"नाही गं. कोंबडा खरंच आवडला."

घरी काकांनी वल्ह्याचे दोन नवेकोरे खिळे उपटले. आत जुनी खाच होती, लाकूड घासून गुळगुळीत झालेली. काकूंनी त्याला फळीवर पहिल्यासमोर उभं केलं, दोरा कापला, करवतीची मूठ खाचेत सरकवली, आणि ती अशी बसली जशी कधी निघालीच नव्हती. मग त्यांनी दांडा फिरवला. एक पुढे झुकला, दुसरा मागे रेलला. दुसरा पुढे आला, पहिला मागे गेला. काकू दांडा फिरवतच राहिल्या. काकांनी दोनदा चहा विचारला, तो त्यांना ऐकूच आला नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंना खास निरोप गेला, चहाला या म्हणून. त्या आल्या, शेठकडे आज काहीच नव्हतं असं म्हणत बसायला गेल्या, आणि अर्ध्यातच उभ्या राहिल्या. काकूंनी नुसता दांडा फिरवला.

भिंतीजवळ जाऊन डॉक्टरीणबाईंनी खाच बघितली, बटणं बघितली, करवतीची दोन्ही टोकं बघितली. दुसऱ्याच्या तोंडातलं किडकं शोधण्यात हयात गेली त्यांची. इथे काही सापडेना.

"जेवून आला वाटतं," शेवटी त्या म्हणाल्या.

"आला बाई. भरपेट."

"केवढ्याला पडला?"

"फुकट."

डॉक्टरीणबाईंनी चहा घेतला, अर्धा ठेवला, आणि अडगळ हा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही.

आता हिशेब मिटवू. पैसे काकांनी मोजले. न खपणारा माल शेठने आपल्या हाताने, वर बरणी घालून, गळ्यात मारला. तो अजून खुशीत आहे. काकूंना त्यांची आवडती खिडकी द्यावी लागली. तिथे आता कोंबडा उभा असतो, वारा आला की कुरकुरतो, आणि काका त्याची दिशा रोज मोठ्याने वाचून दाखवतात. आणि डॉक्टरीणबाईंचा एक छदामही गेला नाही. नावाडी सगळ्यात महाग पडला तो त्यांनाच.