धुऊ नये

मी एक जुना बीकर आहे, मित्रांनो, आणि आज चांगलाच वैतागलो आहे. पुस्तकात माझं नाव चंचुपात्र. काठाला चोच आहे ना, म्हणून. पण त्या चोचीतून आजवर नुसती द्रावणं ओतली गेली, शब्द एकही फुटला नाही. माझी सगळी रड तीच आहे.

भट्टीत जन्मलो, खोक्यात गुंडाळून आलो आणि अहिल्यानगरच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत राहिलो. पहिली काही वर्षं कौतुकाची गेली. कितीही तापवा, मला तडा जात नसे, म्हणून सगळे आधी मलाच उचलायचे. मग अंगावर ओरखडे आले, मापाच्या रेघा पुसट झाल्या आणि माझी रवानगी मागच्या रांगेत झाली. तिथून मला संस्कृतीनं बाहेर काढलं.

संस्कृती पाथर्डीची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा तिला करायचा होता. त्यासाठी उजेड ओळखणारा पातळ थर लागतो. तो विकत न आणता आपणच काचेवर वाढवायचा, असा तिचा हट्ट. तिचे मार्गदर्शक स्टीफन साळवे सर. त्यांनी बजावलं होतं, "शनिवारपर्यंत काचेवर थर टिकला पाहिजे. नाहीतर विषय बदलायचा. मग रडारड नको."

थर वाढतो माझ्या पोटात, म्हणून त्याची कृती मला पाठ आहे. कॅडमियमचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात अमोनिया आणि मग थायोयुरिया घालायचा. अमोनिया कॅडमियमला धरून ठेवतो आणि हात आखडून थोडं थोडं सोडतो. थायोयुरिया गंधक देतो. मला गरम पाण्यात बसवून आत काचपट्टी तिरकी टेकवली की हळूहळू पिवळेपणा चढतो. काही कण थेट काचेला बिलगतात. त्यांचा थर पातळ, आरपार दिसणारा, पण चिवट. बाकीचे उतावळे पाण्यातच एकमेकांना चिकटतात आणि भुकटी होऊन खाली बसतात. पट्टी तिरकी असल्यानं ही भुकटी तिच्या वरच्या बाजूवर साचते. माझ्या भिंतीकडे तोंड केलेल्या खालच्या बाजूला तिचा त्रास नसतो.

मोजमापाला एकाच बाजूचा थर ठेवतात, दुसरा आम्लाच्या बोळ्यानं पुसतात. आणि संस्कृती कोणता पुसायची? खालचा! वरचा कसा हळदीसारखा जाडजूड दिसायचा. सरही घाईघाईत म्हणून गेले होते, "जाड असेल तो ठेव." मग थर टिकतो का ते बघायला चिकटटेप लावून ओढली की अख्खा थर टेपबरोबर निघून यायचा. ती बिचारी कधी अमोनिया कमी करी, कधी पाणी जास्त तापवी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! अगं बाई, चांगलं ते पुसलंस आणि धूळ जपलीस, असं ओरडावंसं वाटे. पण ओरडणार कशानं?

शुक्रवारी प्रयोगशाळेतली भांडी सांभाळणाऱ्या रंगनाथमामांनी मला धुवायला घेतलं.

"काय दशा केली गं पोरी या बीकरची! लई घासला, पर ही पिवळं निघंल तर शपथ. आता ॲसिडच घालतो."

"घाला मामा," संस्कृती डोळे पुसत म्हणाली. "माझं बी संपलंच हाय आता." आणि एकदम उठली. "थांबा! निघत न्हाई म्हणलात?"

तिनं मला हिसकावून घेतलं. नखानं खरवडलं, टेप लावून ओढली. माझ्या भिंतीवरचा थर जागचा हलला नाही. मला घेऊन ती तशीच सरांकडे धावली.

"सर, काच तशीच, पाणी तेच. मग बीकरचं टिकतंय अन् पट्टीचं का निघतंय?"

सरांनी माझ्या भिंतीवरून बोट फिरवलं. "भिंत उभी आहे. तिच्यावर भुकटी बसत नाही."

"म्हंजी खालची बाजू बी..." संस्कृतीनं कपाळाला हात लावला. "मी तीच पुसत हुते, सर!"

शनिवारी तिनं वरची बाजू पुसली आणि खालची ठेवली. टेप ओढली, थर टिकला. पट्टी दिव्याच्या तारांना जोडून तिनं वर तळहाताची सावली धरली आणि दिवा लागला. सर टाळ्या वाजवत होते, संस्कृती हसता हसता रडत होती. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू? पण तो थर वाढला नव्या बीकरात. माझ्यावर तिनं मोठ्या मायेनं चिठ्ठी डकवली, 'धुऊ नये', आणि मला काचेच्या कपाटात वर ठेवलं. तेव्हापासून मला काम नाही.

संस्कृती आता नागापूरच्या एका कारखान्यात आहे. साळवे सर बेलापूरला गेले. रंगनाथमामा मात्र नव्या मुलांना दटावतात, "त्याला हात लावू नका रं, लई गुनाचा हाय." कसला गुण, ते त्यांनाही सांगता येत नाही.

आज सकाळी समोरच्या टेबलावर नव्या मुलांनी काचपट्टी बाहेर काढली. वरची बाजू जाड, पिवळीधमक. त्यांनी आम्लाचा बोळा घेतला आणि खालची बाजू लख्ख पुसून टाकली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी जपलेलाच आहे. पण एखादी वस्तू जपाल, तेव्हा ती कशासाठी जपली तेही पुढच्याला सांगून जा. माझ्या अंगावरची अक्षरं अजून ठळक आहेत: धुऊ नये. का धुऊ नये, ते कोणीच लिहिलेलं नाही.