गोटीचे दोन चेंडू

मी टेबल बोलतंय. जेवणाचं, चौघांचं. सुताराने मला मजबूत केलं, पण एक पाय किंचित आखूड ठेवला. त्याच्याखाली घडी घातलेला पुठ्ठा आला आणि कायमचा राहिला.

मला घरी आणलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. मुलं त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही तेच म्हणेन. आई शिवणाचे वर्ग घ्यायच्या. मुलगा, म्हणजे दादा, आठवीत आणि मुलगी चौथीत. मुलीचे डोळे गोल, टपोरे, म्हणून सगळे तिला गोटी म्हणत.

सकाळी माझ्यावर डबे भरले जात, दुपारी कापड बेतलं जाई, संध्याकाळी वह्या पसरत. जेवणं आटोपली की बाबा मला फडक्याने पुसून काढायचे आणि ओरडायचे, "चला, मैदानात!" आईंची शिवणाची लांब पट्टी दोन डब्यांवर आडवी ठेवली की झालं जाळं. मग टेबल टेनिस. चेंडू कधी दुधाच्या पातेल्यात, कधी पडद्यामागे. हरणाऱ्याने भांडी घासायची. भांडी बहुधा बाबाच घासत, मुद्दाम हरून.

गोटीला मात्र हा खेळ जमत नसे. चेंडू जवळ आला की तिची बॅट नुसतीच हवेत फिरायची.

"अगं, चेंडू कुठे, तू मारतेस कुठे!" दादा पोट धरून हसायचा. तीही हसायची, पण उसनं.

अभ्यासातही तीच गत. गोष्ट ऐकली की तिला तोंडपाठ. तीच वाचायला दिली की एका ओळीवर अडकून बसायची. डोकं दुखू लागलं की एका डोळ्यावर हात ठेवून वाचायची. आई तो हात खाली ओढायच्या. "सरळ बस. झोपा काय काढतेस?"

शाळेत डोळे तपासले होते. लांबच्या तक्त्यावरची शेवटची ओळ तिने धडाधड वाचली होती, त्यामुळे डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. "हुशार आहे, पण कंटाळखोर," वर्गाच्या बाई म्हणाल्या. वाचनात ती नापास झाली तेव्हा आईंनी पट्टी कपाटावर टाकली. "आधी पान वाचून दाखवायचं, मग खेळ."

पान काही वाचून होईना. खेळ बंद पडला, तो सगळ्यांचाच. दादा मोबाइल घेऊन आतल्या खोलीत, बाबा टीव्हीसमोर. माझ्यापाशी उरल्या त्या दोघीच. एकीचा आवाज चढत जायचा, दुसरीचा बसत जायचा. तेव्हा माझ्यावर पाणी बरंच सांडलं, आणि ते सगळंच पेल्यातलं नव्हतं.

एका रविवारी बाबांना राहवलं नाही. त्यांनी पट्टी खाली काढली. आई दारात येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांनी ती काढून घेतली नाही.

गोटी नेहमीसारखी हरत होती. मग एकाएकी तिचे चेंडू परत जायला लागले. दादा चिडला. "बाबा, ही एक डोळा मिटून खेळतेय!"

"मग काय करू? दोन्ही उघडले की दोन चेंडू येतात," गोटी म्हणाली. "तुम्हाला बरं कळतं, त्यातला खरा कुठला ते!"

दादा हसायला गेला आणि थांबला. चेंडू टपटपत माझ्यावरून खाली गेला. तो कुणी उचलला नाही.

आईंनी पुस्तक आणून तिच्यापुढे उघडलं. "इथे काय दिसतं तुला?"

"अक्षरं. एकमेकांवर चढतात. सगळ्यांचीच चढतात ना?"

गोटीचा हात धरून आईंनीच तो अलगद तिच्या डोळ्यावर ठेवला. "आता वाच बाळा."

गोटीने अख्खा परिच्छेद वाचला. आई तिच्याकडे बघत राहिल्या. पान उलटायचं भान त्यांना उरलं नाही.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते बाबांनी दादाला माझ्यापाशी बसूनच समजावलं. गोटीला लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचं बघायला दोन्ही डोळे मिळून आत वळावे लागतात, ते तिचे वळत नाहीत. दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. घरीही व्यायाम दिला होता: पेन्सिलीचं टोक समोर धरून हळूहळू नाकाकडे आणायचं. गोटी कंटाळून रडायची. म्हणून बाकीचे तिघंही पेन्सिली घेऊन बसू लागले. चौघंच्या चौघं डोळे तिरळे करून बसलेली पाहून शेजारीण एकदा दारातूनच परत गेली.

हळूहळू अक्षरं जागेवर बसली. चेंडूही एकच येऊ लागला. गोटी काही मोठी खेळाडू झाली नाही, पण बाबांना आता मुद्दाम हरावं लागत नसे.

आज ती कॉलेजात जायच्या वयाची आहे. माझा पृष्ठभाग फुगलाय, कडा उडाल्यात, सांधे कुरकुरतात. नवं टेबल परवाच आलं. मला कापून भिंतीवरच्या फळ्या करायच्या ठरल्यात, कारण घरात पुस्तकं ठेवायला जागा नाही. ती सगळी गोटीची.

सुतार आलाय. पण एकच सांगायचं राहिलंय. तुमच्या टेबलाशी एखादं पोर अडखळत असेल, तर आवाज चढवण्याआधी त्याला काय दिसतंय ते विचारा.

"काका, फळ्या लांब काढा हं," गोटी सुताराला सांगतेय. "आणि जरा जास्तच काढा."