डॉक्टर गावात नाहीत

"डॉक्टर गावात नाहीत," सकाळपासून अकराव्यांदा मी फोनवर सांगितलं. खोटं बोलायची सवय झाली की आवाजही हलत नाही. डॉक्टर लॉकहार्ट तेव्हा रस्त्यापलीकडे, आपल्या घरामागे, गॅरेजला रंग देत होते.

१९६२चा जुलै होता. यापुढे प्रत्येकाच्या औषधपाण्याचा भार सरकार उचलणार, असा कायदा आमच्या सस्कॅचवान प्रांतानं केला होता. डॉक्टरांना सरकारचे नोकर व्हायचं नव्हतं, म्हणून पहिल्या तारखेपासून त्यांनी दवाखाने बंद ठेवले; शहरातल्या मोजक्या हॉस्पिटलांत तेवढे तातडीचे रुग्ण घेत. मी बंद दवाखान्यात फक्त फोन उचलायला बसत होते. चौदा वर्षं मी त्या टेबलामागे काढली होती, माझी दोन्ही बाळंतपणं लॉकहार्टांनीच केली होती. त्यामुळे मी त्यांच्या बाजूची, बिल्ला लावून सभेला जाणारी. नवरा आर्विड गहू विकणाऱ्या सहकारी संस्थेतला, तो सरकारच्या बाजूचा. "गहू सगळे मिळून विकतो, तेव्हा आम्ही कुणाचे गुलाम झालो का? विचार तुझ्या डॉक्टरला," असं तो जेवताना मला डिवचायचा. तेव्हा मला ते पटत नव्हतं. आज पटतं, पण आज पटून कुणाला काय उपयोग.

डॉक्टर काही दुष्ट नव्हते. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "मिसेस हालडर्सन, कुणाच्या जिवावर बेतलं तर गुपचूप मला येऊन सांगा. फक्त बोभाटा नको."

बारावा फोन पारास्काचा. तिचं शेत गावापासून सात मैलांवर. दर वर्षी थंडीआधी आम्ही दोघी तिच्या अंगणात बसून कोबी चिरायचो आणि तो आंबवायला पिंपं भरायचो. तिच्या नवऱ्याच्या, मिकोलाच्या, पोटात आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. आता अंग तापलं होतं आणि तो उजव्या बाजूला हात लावू देत नव्हता.

"डॉक्टर गावात नाहीत गं," मी म्हटलं.

"वर्ना, मला तरी खरं सांग."

तिच्या बाजूच्या सात शेतांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. कुणाचाही फोन वाजला की बाकीचे रिसीव्हर उचलून ऐकत, त्यात कुणाला लाज वाटत नसे. आत्ताही मला तारेवर दोघातिघांचे श्वास ऐकू येत होते. खरं सांगितलं असतं तर तासाभरात सगळी पंचक्रोशी गॅरेजपाशी जमली असती.

"नाहीत," मी म्हटलं. "शहरातल्या हॉस्पिटलात ने त्याला."

आधी डॉक्टरांना विचारावं आणि मग हिला परत फोन करावा, असा माझा बेत होता. नुसतं "थांब जरा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तेवढ्यानंही ऐकणाऱ्यांना संशय येईल, अशी मला भीती वाटली. त्या न बोललेल्या दोन शब्दांसाठी मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही.

मी धावत रस्ता ओलांडला. ऐकताच डॉक्टरांनी ब्रश टाकला. "अपेंडिक्स असणार. आत्ताच्या आत्ता घेऊन यायला सांगा." परत येऊन फोन लावला, तो वाजतच राहिला. शेवटी शेजारच्या शेतावरची म्हातारी तारेवर आली.

"ते निघाले की ट्रक घेऊन. तूच नाही का सांगितलंस?"

डॉक्टरांनी गाडी काढून पाठलाग केला, पण गाठ पडली नाही. शंभर मैलांचा खडीचा रस्ता. अपेंडिक्स वाटेतच फुटलं आणि पाचव्या दिवशी मिकोला गेला.

महिना संपायच्या आत तडजोड झाली. डॉक्टर योजनेत आले आणि वर्षभरात तिचे गोडवे गाऊ लागले. माझ्याबरोबर सभेत ओरडणाऱ्या बायका नवी कार्डं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. भांडण कशावरून होतं, हेही लोक विसरले.

डॉक्टर त्या दिवशी घरीच होते, हे पारास्काला त्याच तारेवरून कळलं असणार. ती मला कधी एका शब्दानं बोलली नाही. कोबी चिरायला मात्र पुन्हा बोलावणं आलं नाही. दवाखाना एकच, त्यामुळे तिला यावं लागे. बाकी सगळे माझ्या टेबलापाशी थांबून डॉक्टर आहेत का, असं विचारत. ती मान हलवून मला ओळख द्यायची आणि सरळ पुढे जायची. डॉक्टरांचं दार स्वतः उघडायची, आत बघायची आणि मगच येऊन बाकावर बसायची. एकोणीस वर्षं हे असंच चाललं.

गावात नव्यानं आलेल्या एक बाई बाकावर बसून एकदा वैतागल्या. "त्यांना कुणी अडवत नाही का हो?"

"बघू दे त्यांना," मी म्हटलं.