हॅनाबाईंचं एक पान

मी सौदीतल्या जुबैल शहरातल्या एका कपाटातला इंग्रजी चरित्रग्रंथ. हॅना कॉरिगन या आयरिश बाईंचं आयुष्य माझ्या पोटात आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली माशीचा पंख आणि डबक्यातलं पाणी पाहिलं, अन् साध्या माणसांना कळेल असं लिहिलं. बायकांना विद्यापीठ बंद होतं. त्यांचा धाकटा भाऊ मात्र तिथं शिकायला गेला.

मला मुंबईच्या फुटपाथवरून उचललं सुधाबाईंनी. त्या इथल्या इस्पितळात लॅब टेक्निशियन, नवरा उमाकांत कारखान्यात शिफ्टला. ड्युटीवरून आल्या की चहाआधी मला उघडायच्या. मी लाडावलो होतो.

मग इराकनं कुवेत घेतलं. जानेवारीत इकडेही क्षेपणास्त्रांचे सायरन सुरू झाले, शाळा बंद पडली. दहा वर्षांच्या लेकीला, सुखदाला, घरात रमवायचं कसं? सुधाबाई मला मराठीत एका वहीत उतरवू लागल्या, रोज दोन पानं. सुखदानं मला कधी हात लावला नव्हता. वही मात्र ती उशाशी घेऊ लागली. माझा नुसता जळफळाट.

बायकामुलांना युद्धापासून लांब, जेद्दाला नेणारी कंपनीची बस ठरली. माणशी एक बॅग.

"पुस्तक घे की," उमाकांत म्हणाले.

"पुस्तक दुसरं मिळेल. वही एकच आहे," म्हणत सुधाबाईंनी चेन ओढली.

उमाकांतना रजा नव्हती. सायरन वाजला की ते मला हातात घेत. कधी न वाचणाऱ्या माणसानं महिन्यात मला संपवलं. तरी मला वहीच सलत होती.

मार्चमध्ये दोघी परतल्या. जेवताना उमाकांत ऐटीत म्हणाले, "भाऊ कॉलेजात गेला, तेव्हा हॅनानं त्याची ट्रंक भरून दिली. मोठ्या मनाची बाई."

"नो, बाबा. शी वॉज जेलस," सुखदा म्हणाली. "ट्रंक भरताना तिनं त्याची नवी दौत फोडली. मग रडली."

उमाकांतनी माझी पानं चाळली. "यात नाही गं असं."

"नाहीच," सुधाबाई हळू म्हणाल्या. "ते मी घातलं. दादा मेडिकलला गेला, तेव्हा त्याची बॅग मी भरली होती. त्याचं पेन मोडलं होतं मी."

उमाकांतनी बायकोच्या ताटात भात वाढला.

हॅनाबाईंचं सगळं माझ्यात होतं. फक्त हेवा गाळला होता. आणि मला तर तोच सगळ्यांत ओळखीचा.

वही आणि मी अजून शेजारीच आहोत. तिचे कोपरे झिजलेत, माझे शाबूत. तिचा राग अजून येतो. सुधाबाई, माझ्या शेवटी दोन कोरी पानं आहेत. दौतीचं तेवढं एक पान माझ्यातही उतरवून द्या.